विद्यार्थ्यांनी बांधलेलं जुनं ग्लायडर दुरुस्तीला घेताना

कारखान्यातून आलेल्या ग्लायडरसोबत पुस्तिका येते. कुठला बोल्ट किती घट्ट करायचा, कुठला सांधा किती वर्षांनी उघडून बघायचा, सगळं छापलेलं असतं. विद्यार्थ्यांच्या गटाने बांधलेलं ग्लायडर मात्र बहुतेक वेळा जगात एकुलतं एक असतं. त्याचे आराखडे अर्धवट असतात, त्यांवर पेन्सिलीने केलेले फेरफार असतात आणि ते फेरफार करणारी मुलं पदवी घेऊन केव्हाच पांगलेली असतात. डावा पंख एका तुकडीने बांधला आणि उजवा पुढच्या, असंही घडतं. म्हणून अशा ग्लायडरला हात घालताना एक नियम पाळा: एखादा भाग तसा का केला आहे, हे समजल्याशिवाय तो सोडवू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमातूनच निघतात.

ही ग्लायडरं अशी का असतात

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले. तिथल्या तंत्रविद्यापीठांतली मुलं मग बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. त्यांच्या गटांना ‘आकाफ्लीग’ म्हणतात आणि त्यांतले कित्येक आजही चालू आहेत. 1921 मध्ये हॅनोव्हरच्या गटासाठी तयार झालेल्या ‘व्हँपायर’मध्ये एकच मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) होता आणि त्याच्या पुढे प्लायवूडची बंद नळी. पुढच्याच वर्षी वासरकुपे डोंगरावर हे ग्लायडर आधी तासाभराहून जास्त आणि मग तीन तास हवेत राहिलं. पंखाची ही रचना नंतर लाकडी ग्लायडरांत सर्रास रूढ झाली. डार्मश्टाटच्या मुलांनी 1938 च्या ‘डी-30’मध्ये स्पारला हलका मिश्रधातू वापरला. श्टुटगार्टच्या गटातून पुढे आलेलं ‘एफएस-24 फिनिक्स’ 1957 मध्ये उडालं. काचतंतू आणि राळेचं ते पहिलं ग्लायडर. ब्राउनश्वाइगच्या ‘एसबी-10’ने 1972 मध्ये 29 मीटरच्या पंखात कार्बनतंतू वापरले.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. विद्यार्थी ग्लायडर बांधतात ते काहीतरी नवं करून बघायला. त्यामुळे तुमच्यासमोरच्या सांगाड्यात विचित्र वाटणारी एखादी गोष्ट चूक असेल, तसाच तो जाणूनबुजून केलेला प्रयोगही असेल. दोन्ही शक्यता शेवटपर्यंत मनात ठेवा.

पायरी पहिली: पंख वाचायला शिका

हत्यारं बाजूला ठेवून आधी भार कुठून कुठे जातो ते समजून घ्या. उडताना पंख वर वाकतो, म्हणून स्पारच्या वरच्या पट्टीवर दाब येतो आणि खालच्या पट्टीवर ताण. लाकूड रेषेच्या दिशेने ताण जितका सोसतं त्याच्या जवळपास निम्माच दाब सोसतं. म्हणून चांगल्या लाकडी स्पारमध्ये वरची पट्टी खालचीपेक्षा जाड असते. दोन्ही पट्ट्या सारख्या जाडीच्या दिसल्या तर लगेच घाबरू नका, पण त्याचं कारण आराखड्यात शोधा. दोन पट्ट्यांमधलं प्लायवूडचं पोट एकीचा भार दुसरीकडे पोचवतं.

स्पार वाक सांभाळतो, पण पीळ सांभाळायला तो पुरेसा नसतो. ते काम नाकाकडच्या प्लायवूडच्या बंद नळीचं. तिचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो म्हणून तिला डी-बॉक्स म्हणतात. चांगल्या बांधणीत या प्लायवूडच्या रेषा 45 अंशांत तिरक्या लावलेल्या असतात, कारण पिळाचा भार तिरकाच वाहतो. ही नळी एका जागी जरी उकलली तरी तिची पीळ सोसायची ताकद झपाट्याने घटते. कागदाची नळी करून बघा: कडा चिकटवलेली असताना ती पिळत नाही, कडा सोडली की हातात लगेच वळते.

स्पारच्या मागे नुसत्या रिब, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या फासळ्या, आणि त्यांवर कापड. पंखाला आकार देणं हे त्यांचं काम. 1930 च्या दशकातल्या बऱ्याच ग्लायडरांत गॉटिंगेन 535 सारखे जाड, पोट आत वळलेले छेद वापरत. तो आकार एखाद्या मिलिमीटरने बिघडला तरी ग्लायडर उडतं, फक्त थोडं आळशीपणे. स्पारमध्ये मात्र अशी सूट नाही.

भाराचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. आजच्या युरोपीय सीएस-22 नियमांप्रमाणे साध्या वापराच्या ग्लायडरने वजनाच्या 5.3 पट भार सोसला पाहिजे आणि त्यावर 1.5 पट सुरक्षितता हवी. पायलटसह 320 किलोचं ग्लायडर घेतलं तर पंख मोडायच्या आधी त्यांनी सुमारे अडीच टन पेलायला हवेत. हा आकडा डोक्यात असला की पंखाच्या मुळाकडच्या, पंख धडाला जोडणाऱ्या दोन-तीन पोलादी फिटिंगांकडे बघायची नजर बदलते.

पायरी दुसरी: नोंद

प्रत्येक बाजूने फोटो, प्रत्येक फोटोत पट्टी. केबल कुठल्या कप्पीवरून कशी जाते, तिचा पीळ कुठल्या बाजूला आहे, वॉशर किती आणि कुठल्या क्रमाने, हे वहीत लिहा. पंख टेकूंवर सरळ ठेवून मुळापासून टोकापर्यंत चार-पाच जागी त्याचा कोन मोजा. बहुतेक पंखांत टोकाकडे कोन मुद्दाम काही अंशांनी कमी केलेला असतो, म्हणजे वेग घटला तरी टोक मुळाच्या आधी उचल गमावत नाही आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे, ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणारे हलते भाग) हाताशी राहतात. दोन्ही पंखांत हा उतार सारखा आहे का? नसेल तर तो बांधतानाच चुकला की नंतर लाकडाने वाक धरला, हे ठरवायला पुढच्या तपासणीची मदत होईल. ही मापं कापड काढण्याआधीच घ्या. कापड काढलेला पंख थोडा सैल होतो आणि मूळ स्थितीचा पुरावा हातचा जातो.

जुने कागदही धुंडाळा: वजनपत्रक, उड्डाणांची नोंदवही, अपघातांच्या नोंदी. ‘जमिनीवर गिरकी घेतली, किरकोळ नुकसान’ अशी एक ओळ सापडली तर शेपटीचा बूम (धडाचा मागचा निमुळता भाग) आणि पंखाच्या मुळाची फिटिंग दुप्पट बारकाईने बघा. जमिनीवरच्या गिरकीत धक्का बसतो एका टोकाला आणि तडा जातो भलतीकडे.

बांधणाऱ्यांपैकी कुणी भेटलं तर आराखडा समोर पसरून बोला. आठवणी आराखड्यावर बोट ठेवल्यावर जाग्या होतात.

पायरी तिसरी: उडवायचं की जपायचं

हा निर्णय लांबवू नका, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते. संग्रहालयात ठेवायचं असेल तर मूळ लाकूड, मूळ डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप), पेन्सिलीच्या खुणा सगळं राखायचं आणि जे कराल ते उद्या कुणाला काढता येईल असं करायचं. उडवायचं असेल तर शंका असलेला प्रत्येक तुकडा बदलावा लागतो, मग तो कितीही ऐतिहासिक असो. माझं मत स्पष्ट आहे. नमुना एकमेव असेल आणि मूळ लाकूड निम्म्याहून जास्त बदलावं लागणार असेल, तर तो आहे तसा जपावा आणि उडण्यासाठी आराखड्यावरून नवा बांधावा. उडवायचं ठरलं तर आपल्या देशातल्या विमान प्राधिकरणाच्या मान्यताप्राप्त तपासनिसाला आजच बोलवा. तो उघडा सांगाडा बघू शकतो. बंद केलेल्या पंखावर सही मागणं त्याच्यावरही अन्याय आहे.

पायरी चौथी: म्हातारपण ओळखा

लाकूड नुसत्या वयाने फारसं थकत नाही. कोरडं, सावलीत राहिलेलं स्प्रूसचं (एका सूचिपर्णी झाडाचं) लाकूड कित्येक दशकांनीही भार पेलतं. आधी थकतो तो सरस, आणि त्याला थकवतं पाणी.

दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या ग्लायडरांत दुधातल्या प्रथिनापासून केलेला केसिन सरस खूप वापरला गेला. कोरडा असेपर्यंत तो उत्तम धरतो. ओल लागली की त्याला बुरशी लागते आणि सांधा हाताने उघडतो. डी-बॉक्स उघडल्यावर आंबूस, जुन्या चीजसारखा वास आला तर तो याचाच. 1930 च्या दशकात यूरिया-फॉर्मल्डिहाइडचे सरस आले. त्यांना बुरशी लागत नाही, पण ते जाड थरात ठिसूळ होतात. जिथे बांधणाऱ्याने दोन तुकडे नीट न बसवता फट सरसाने भरली, तिथेच ते पहिल्यांदा तडकतात. नवशिक्या हातांनी बांधलेल्या ग्लायडरांत अशा फटी असायच्याच, म्हणून मी त्या आधी शोधतो.

सांधे तपासायला एक छोटी, हलकी हातोडी आणि शांत खोली लागते. प्लायवूडवर टिचक्या मारत जा. चिकटलेल्या जागी आवाज टणक येतो, पदर सुटलेल्या जागी बद्द. शंका आली की कडेला पातळ फीलर गेज (फट मोजायची पोलादी पट्टी) सरकवून बघा. ती आत गेली तर सांधा गेला. उघडलेल्या सांध्याचे दोन्ही पृष्ठ नीट पाहा. सरसावर लाकडाचे तंतू चिकटून फाटले असतील तर सरस लाकडापेक्षा बळकट होता. पृष्ठ गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो सांधा नुसता टेकलेला होता, आणि त्याच हाताने त्याच दिवशी केलेले बाकीचे सांधेही संशयित ठरतात.

दाबाने आलेले तडे शोधणं सगळ्यात अवघड. ते बहुतेक स्पारच्या वरच्या पट्टीत असतात: रेषेच्या आडवी, केसाएवढी बारीक सुरकुती. समोरून टॉर्च मारला तर दिसत नाही. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, मग ती सुरकुती सावली टाकते. फिटिंगच्या कडेला, जिथे स्पारची जाडी एकदम बदलते तिथे आणि मजबुतीचा ठोकळा संपतो तिथे आधी बघा. अशी एक सुरकुती जरी सापडली तरी ती पट्टी उडण्यासाठी बाद. वरून पट्टी चिकटवून ती झाकायचा मोह अजिबात नको.

ओल साचते खालच्या कोपऱ्यांत. प्रत्येक खणाला पाणी निघायचं छोटं भोक असतं. ते रंगाने किंवा मातीने बुजलं की तिथलं लाकूड काळं पडतं. पटाशीचं टोक हलकेच दाबून बघा. निरोगी लाकूड तुकडा देताना लांब तंतू सोडतं, कुजलेलं लाकूड चौकोनी भुगा होऊन येतं. उंदरांची घरटी निघाली तर ती उचलून टाकण्यावर थांबू नका. त्यांचं मूत्र सांधे आणि धातू दोन्ही खातं.

धातूकडे वळू. लाकडात बसलेले बोल्ट बाहेरून स्वच्छ दिसतात आणि आत गंजलेले असतात, म्हणून मुख्य फिटिंगचे सगळे बोल्ट काढायचेच. भोकं लांबट झाली आहेत का ते मापून बघा. म्यूनिकच्या गटाने 1930 च्या दशकात ‘म्यू-10’मध्ये वापरलं तसं पोलादी नळ्यांचं धड असेल तर नळ्या आतून गंजतात, विशेषतः शेपटीकडच्या सगळ्यात खालच्या टोकाला. केबलवरून सुती कापड फिरवा, तुटलेली तार कापडात अडकते. कप्पीवरून वळते त्या जागी केबल वाकवून बघा, तिथली तुटलेली तार एरवी लपून राहते.

एक धोका वेगळा सांगायला हवा. कॉकपिटमधल्या जुन्या उपकरणांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. ती तबकडी उघडू नका, खरवडू नका. आधी तपासून घ्या.

ग्लायडर काचतंतूंचं असेल तर बाहेरचा पांढरा जेलकोट उन्हाने तडकतो. तडे जेलकोटपुरते आहेत की खालच्या थरात उतरलेत, हे थोडा भाग हाताने घासून बघा. यंत्राने घासलात तर खालचे तंतू कापले जायची भीती. ही ग्लायडरं पांढरी असण्याला कारण आहे: तापली की राळ मऊ होते, आणि अशा बऱ्याच रचना 54 अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी तपासलेल्या असतात. गडद रंगाचे पट्टे ओढायची हौस इथे महागात पडते.

पायरी पाचवी: सुतारकाम

उडणाऱ्या भागासाठी कुठलंही सरळ दिसणारं लाकूड चालत नाही. रेषेचा उतार 15 मिलिमीटर लांबीला 1 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, गाठ नको, ओलावा साधारण 8 ते 12 टक्के. लाकूड आणलं की लगेच कापू नका. वर्कशॉपच्या हवेत त्याला काही आठवडे राहू द्या, म्हणजे आकसायचं ते आधीच आकसेल.

स्पारच्या पट्टीत नवा तुकडा घालायचा तर टोकाला टोक लावून सांधा होत नाही. दोन्ही टोकं तिरकी छाटून एकमेकांवर चिकटवायची. जाडीच्या 12 पट लांबीचा उतार धरा: 12 मिलिमीटरच्या पट्टीला 144 मिलिमीटर, दीड मिलिमीटरच्या प्लायवूडला 18. हा उतार धारदार रंध्याने आणा. सँडपेपर कडा गोल करतो आणि भुसा छिद्रांत भरतो, मग सरस आत शिरत नाही. सांधा फिटिंगखाली किंवा दुसऱ्या सांध्याशेजारी येणार नाही असा आखा.

सरस कुठला वापरायचा हे तपासनिसाशी बोलून ठरवा. रिसॉर्सिनॉल पाण्याला आणि उष्णतेला पुरून उरतो, पण त्याला घट्ट बसलेला सांधा आणि भरपूर दाब हवा. इपॉक्सी थोडी फट सहन करते, जास्त दाब दिला तर उलट सगळी पिळून बाहेर पडते; उन्हात तापली की मऊ होते. हातमोज्यांशिवाय इपॉक्सीला हात लावू नका, एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही, म्हणून स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत तासा. आणि प्रत्येक वेळी कालवलेल्या सरसातून एक नमुना सांधा चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो हातोडीने फोडा. लाकूड फाटलं तर पंखातला सांधाही बरा. सरसातून सुटला तर पंखातला सांधाही उघडायचा, कितीही जीवावर आलं तरी. वर्कशॉपमध्ये 20 अंशांच्या खाली थंडी असेल त्या दिवशी सरसाचं काम काढूच नका.

डी-बॉक्सचं प्लायवूड बदलताना पंख टेकूंवर बांधून, कोन पुन्हा मोजून मगच चिकटवा. बंद नळी ज्या पिळात चिकटेल तो पीळ कायमचा.

पायरी सहावी: कापड

जुनं कापड फाडून काढू नका, रिबच्या कडेने कापा. अक्षरं-आकडे असलेला भाग गुंडाळून ठेवा. रिबवरच्या टाक्यांमधलं अंतर मोजून ठेवा, नवे टाके त्याहून विरळ नकोत. पूर्वी सुती किंवा लिननचं कापड डोपने ताणत; नायट्रेटचा डोप भयंकर पेट घेतो, म्हणून उघड्या हवेत आणि ठिणगीपासून दूर. आता बहुधा पॉलिस्टर वापरतात. ते इस्त्रीने आकसतं, आणि इथेच जुने पंख बिघडतात. नवं कापड जुन्या नाजूक रिबांना आत ओढतं, मागची कड दोन रिबांमध्ये कमानीसारखी वाकते. इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने तपासा, कमी आचेवर सुरुवात करा, पुरेसं ताणलं की थांबा. कापड चढवण्याआधी आतल्या सगळ्या दुरुस्त्यांचे फोटो आणि तपासनिसाची सही झालेली हवी.

पायरी सातवी: वजन आणि तोल

रंगाचा प्रत्येक थर वजन घेऊन येतो, आणि शेपटीकडचं वजन सगळ्यात वाईट. उदाहरण मांडतो. पायलटसह 320 किलोचं ग्लायडर, आडवं समतल करून चाक एका काट्यावर, शेपटी दुसऱ्यावर. दोन टेकूंत अंतर 4.2 मीटर, शेपटीखालचा काटा 22 किलो दाखवतो. म्हणजे गुरुत्वमध्य चाकाच्या मागे 22 गुणिले 4.2 भागिले 320, साधारण 0.29 मीटरवर. आता शेपटीवर अर्धा किलो रंग चढला. गुरुत्वमध्य सुमारे 6 मिलिमीटर मागे सरकतो, आणि तो जागेवर आणायला चाकापुढे दीड मीटरवर, नाकात, एक किलोहून थोडं जास्त शिसं घालावं लागतं. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेलेलं ग्लायडर गिरक्यांत शिरलं तर बाहेर येईलच याची खात्री नसते. म्हणून हा हिशेब हलक्या आणि जड अशा दोन्ही पायलटांसाठी करा.

एलेरॉन आणि शेपटीवरचे हलते भाग, म्हणजे एलेव्हेटर आणि रडर, रंगवल्यावर स्वतंत्र तोला. बिजागरीच्या मागचं वजन मूळ नोंदीपेक्षा वाढलं असेल तर वेगात ते भाग फडफडू लागतात, आणि ही फडफड काही सेकंदांत पंख मोडू शकते. नुसता रंग जास्त झाला म्हणून एलेरॉन पुन्हा खरवडायला जिवावर येतं, तरीही खरवडा.

पायरी आठवी: पुन्हा हवेत

जोडणी झाली की स्टिक डावीकडे घेऊन डावा एलेरॉन वर जातो का, हे दोघांनी वेगवेगळं बघा. उलट जोडलेल्या केबलने अनुभवी माणसांचेही जीव घेतलेत. टर्नबकलचे (केबल ताणायच्या आट्यांच्या जोडाचे) तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसायला नकोत आणि प्रत्येकाला कुलूपतार हवी. पहिलं उड्डाण शांत हवेत, त्या जातीच्या ग्लायडरांची सवय असलेल्या पायलटने करायचं. सरळ, कमी उंचीची छोटी उडी आधी, आणि मग वर.

त्याच संध्याकाळी तपासणीची झाकणं उघडा. नवं लाकूड फिटिंगखाली थोडं दबतं, त्यामुळे बोल्ट सैल पडतात. नव्या केबल ताणतात. बोल्ट पुन्हा कसा, केबलचा ताण पुन्हा मोजा, पंखांचे कोन पायरी दोनमधल्या आकड्यांशी ताडून बघा. मग आराखड्यावर तुम्ही केलेला प्रत्येक बदल तारखेसह काढा, आणि शेजारी तो का केला ते दोन ओळींत लिहा.